एका यशस्वी प्रयोगाला फुटलेल्या मिशा

कवळीवाला ही हकीकत सांगतो तेव्हा सुरुवात नेहमी एकाच वाक्याने करतो. "माशांतलं सगळं आपल्याला कळतं असं मला ज्या वर्षी वाटत होतं, त्या वर्षीची ही गोष्ट." आणि मग तो स्वतःच इतका हसत सुटतो की ऐकणाऱ्याला थांबून राहावं लागतं. सबंध हकिकतीत तो हसत नाही अशी जागा एकच आहे. ती पुढे येईल.

त्याचा धंदा कवळ्या करण्याचा. शहरातल्या चार-पाच दवाखान्यांतून दंतवैद्य लोक त्याच्याकडे बोळक्या तोंडांचे ठसे पाठवत. त्यावरून तो प्लास्टरचे साचे ओतायचा, गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. केसाइतकी चूक त्याच्या बोटाला कळायची. त्याने केलेली कवळी घालून एका म्हाताऱ्या गायकाने पुन्हा ताना घेतल्या होत्या, हे तो चारचौघांत मधूनमधून काढायचा. इतक्या बारीक नजरेच्या माणसाने पुढे जे केलं ते का केलं, असं विचारलं की "कामावर भिंग वापरायचो, घरी नुसताच आव," असं तो म्हणतो.

घरी तिघं. तो, त्याची बायको आणि बायकोचे वडील. बायको गाडी चालवायला शिकवायची. दोन्ही बाजूंना ब्रेक असलेल्या गाडीत दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून तिचा आवाज कधीच चढेनासा झाला होता. समोरून ट्रक येत असला तरी ती "आता जरा डावीकडे घ्या" इतकंच म्हणायची. सासऱ्यांनी सगळी उमर वजनकाट्यावर काढलेली. भरलेले ट्रक काट्यावर चढवायचे, आकडा वाचायचा, मोठ्याने सांगायचा. ऐंशी ओलांडली होती, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नजर घारीची. दात मात्र सगळे जावयाचे.

आणि दिवाणखान्यात, जिथे चारचौघांच्या घरी सोफा असतो तिथे, चार फूट लांब काचेची टाकी. सासरे सकाळचा चहा घेऊन तिच्यासमोर खुर्ची टाकत ते जेवायलाच उठत.

टाकीत रंगीबेरंगी परदेशी मासे नव्हते. तसल्या माशांबद्दल कवळीवाला फार तुच्छतेने बोलायचा. त्याच्याकडे होत्या ठिपक्या. इथल्याच ओढ्यानाल्यांत मिळणारी, बोटभर लांबीची, मळकट चांदीच्या रंगाची मासोळी. शेपटीजवळ एक काळा ठिपका, बस्स. पाहुणे टाकीत डोकावायचे आणि विचारायचे, "मासे यायचेत का अजून?"

ठिपकी टाकीत जगते, पण टाकीत अंडी घालत नाही. निदान कोणाकडे घातली नव्हती. कवळीवाल्याने तीन वर्षं जंग जंग पछाडलं. पाणी गार करून पाहिलं, कोमट करून पाहिलं. पंप लावून ओढ्यासारखी धार सोडली. एकदा तर मोबाइलवर वाहत्या पाण्याचा आवाज लावून तो टाकीला टेकवून ठेवला. ठिपक्यांवर काही परिणाम झाला नाही. सासऱ्यांना मात्र दर अर्ध्या तासाला बाथरूमला जावं लागलं.

शहरात देशी मासे पाळणाऱ्यांचं एक मंडळ होतं. सभासद अकरा, मतं चौदा. मंडळाची बैठक भरायची तरणतलावाच्या तिकीटखिडकीमागच्या खोलीत, कारण मंडळाचे प्रमुख पोहणं शिकवणारे कोच होते. माशांवर जीव टाकणारी ही मंडळी क्लोरीनच्या वासाने डोळे चोळत शुद्ध पाण्यावर चर्चा करायची. त्याच खोलीत एका बैठकीत कोच म्हणाले, "ठिपकीला आतून उबारा यायला हवा. ओढ्यात हिला काय मिळतं? दुसऱ्या माशांची अंडी! हंगामात हे सगळे एकमेकांची अंडी खातात आणि मग स्वतः अंडी घालायला तयार होतात. कोरडं खाद्य घालून काय होणार? तुला कोणी पापड घातले वर्षभर तर तू तरी काय करशील?"

सगळे हसले. कवळीवाला हसला नाही. त्याच्या डोक्यात दिवा पेटला होता.

पुढच्या रविवारी तो बायकोला घेऊन शहराबाहेरच्या ओढ्यावर गेला. गाडी त्याने चालवली आणि शेजारच्या ब्रेकवर पाय ठेवून ती बसली. पुलाखाली पाणी गुडघाभर आणि संथ होतं. काठाला झुडपांची मुळं पाण्यात लोंबत होती. त्याने पँट दुमडली, पाण्यात उतरला, एक मूळ उलटं करून पाहिलं आणि जोरात ओरडला. मुळांच्या केसाकेसाला बारीक, काचेसारखे मणी चिकटलेले होते. शेकड्यांनी.

"कोणाची आहेत?" बायकोने काठावरून विचारलं.

"चांदकीची," तो बेधडक म्हणाला. चांदकी म्हणजे त्या ओढ्यात पायाला टक्कर देत फिरणारा, ज्याला कुत्रंही विचारत नाही असा मासा.

"कशावरून?"

"अनुभव," कवळीवाला म्हणाला.

मेण कोरायची पातळ सुरी तो कामावरून घेऊन आला होता. तिने त्याने मुळांवरची अंडी अलगद सोडवली. आपण निसर्गाला ओरबाडत नाही, हे बायकोला दिसावं म्हणून दहा मुळांमागे एकाच मुळाला हात लावला, आणि तसं तीन वेळा मोठ्याने सांगितलंही. वाटीभर अंडी घेऊन दोघं परत आले.

संध्याकाळी पहिला चमचा टाकीत पडला आणि ठिपक्यांनी जो धुमाकूळ घातला तो पाहून सासरे खुर्चीतून उठून उभे राहिले. तीन वर्षं अंग चोरून फिरणाऱ्या मासोळ्या एकमेकींच्या अंगावरून उड्या मारत होत्या. खाली जाणारा मणी पकडायला एक तर चक्क उभी झाली. कवळीवाल्याने दुसरा चमचा टाकला, तिसरा टाकला. काही अंडी मागच्या शेवाळाच्या दाट गुंत्यात जाऊन पडली.

"ती राहिली की," सासरे म्हणाले.

"खातील हो बाबा, उद्या खातील. भूक ठेवून जेवणारे प्राणी नाहीत हे."

उरलेली अंडी औषधाच्या बाटलीत घालून त्याने फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी बायकोने बाटलीवर कागद चिकटवला: 'माशांचे. खोकल्याचे नव्हे.' त्या पुरवठ्यात आणखी दोन जेवणं झाली. ठिपक्यांची पोटं टम्म फुगली. अंगाला तजेला आला. शेपटीजवळचा ठिपकाही जास्त काळा दिसतोय, असं कवळीवाल्याला वाटलं आणि त्याने ते वहीत लिहून ठेवलं.

सहाव्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी हाक मारली. "जावईबापू, शेवाळात काहीतरी हलतंय."

शेवाळात काळे टिंबाएवढे डोळे असलेले, पारदर्शक, शेपटी वळवळवणारे जीव होते. पाच, दहा, वीस. कवळीवाल्याने आधी भिंत धरली, मग सासऱ्यांचा हात, मग दोन्ही सोडून स्वयंपाकघरात धावला. "अगं! घातली! ठिपक्यांनी अंडी घातली!"

बायको गाडीची किल्ली शोधत होती. ती आली, वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "अहो, आपण ओढ्यावरून आणली होती, ती तर नव्हेत ना?"

यावर कवळीवाला जे हसला ते हसणं त्याला आजही ऐकू येतं. "अगं, ती अंडी गेली कधीच पोटात. आणि फ्रिजमधलं अंडं मेलेलं असतं. तुला कोंबडीचं उदाहरण देऊ का?"

पहिल्या संध्याकाळचे तीन चमचे फ्रिज न बघताच टाकीत गेले होते, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. बायकोने "बरं" म्हटलं. गाडी शिकायला येणाऱ्याला ती असंच "बरं" म्हणायची, आणि त्याचा अर्थ तिच्या जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक होता. नवऱ्याला नव्हता.

त्याने पिल्लं चमच्याने वेचून वेगळ्या, छोट्या टाकीत ठेवली. सत्तेचाळीस भरली. भिंगातून फोटो काढले. तोंडाच्या दोन्ही बाजूंना काहीतरी बारीक कोंब दिसत होते, त्यांना त्याने 'पुढचे पंख' ठरवलं. तोंडाला पंख कसे, असं विचारायला त्याच्या आत त्या वेळी कोणी जागं नव्हतं. फोटो मंडळाच्या गटावर टाकून त्याने खाली लिहिलं, "तीन वर्षांच्या तपाला फळ. रहस्य एकच: ओढ्यातली ताजी अंडी." शिवाय पुलाची नेमकी जागा लिहिली, कारण ज्ञान दडवणाऱ्या लोकांचा त्याला मनस्वी तिटकारा होता.

अभिनंदनांचा पाऊस पडला. दुसऱ्या शहरांतल्या मंडळांचे फोन आले. कोच घरी येऊन पिल्लं पाहून गेले आणि जाताना जिन्यात म्हणाले, "कल्पना माझी होती, पण श्रेय तुझं." वार्षिक मेळावा तीन आठवड्यांवर आला होता. मत्स्यखात्यातल्या एक मोठ्या बाई पाहुण्या म्हणून येणार होत्या. कवळीवाल्याने तिथे निबंध वाचावा असं ठरलं. त्याने रोज कामावरून लवकर सुटून निबंध लिहायला घेतला. 'ठिपकीचे घरगुती प्रजनन: एक यशस्वी प्रयोग.' त्यात 'आहाराचे मानसशास्त्र' नावाचं एक प्रकरणही होतं. माशांचं मानसशास्त्र. त्या दिवसांत एका पेशंटची वरची कवळी खालच्या डबीत गेली आणि दंतवैद्य बाईंचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "सॉरी मॅडम, सध्या मी संशोधनात आहे."

पिल्लं वाढत होती. मात्र ती तळाशी बसून राहायची. ठिपक्या मधल्या पाण्यात हिंडतात. याचं कारण त्याने वहीत लिहिलं: 'पिल्लांचा स्वभाव विचारी.' रोज थोडी मरतही होती. अडीच आठवड्यांनी सदतीस उरली.

मेळाव्याच्या दोन दिवस आधी तो आरशासमोर निबंध मोठ्याने वाचत होता. बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला. "जावईबापू, याला मिशा आहेत."

"कोणाला?"

"पिल्लाला. सगळ्यांनाच आहेत. लांब आहेत चांगल्या."

"बाबा, चष्मा पुसा तुमचा."

"मी चष्मा लावतच नाही आता," सासरे म्हणाले. काट्यावरचा आकडा सांगावा तसं त्यांनी पुढे सांगितलं, "आठ. चार जोड्या."

कवळीवाला आला. वाकला. मग कामाचं भिंग आणून कपाळाला बांधलं आणि पुन्हा वाकला. पिल्लू तळाशी बसलं होतं. चपटं डोकं, रुंद जिवणी, आणि जिवणीभोवती आठ मिशा, त्या सावकाश हलवत ते जावयाकडे बघत होतं. ठिपकीला मिशा नसतात. चांदकीलाही नसतात.

सासरे म्हणाले, "कोणावर गेलंय हे?" त्यांनी खरंच विचारलं होतं.

बायको कामावरून आली तेव्हा तो जमिनीवर टाकीला टेकून बसला होता, भिंग अजून कपाळावरच. तिने टाकीत पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पर्स खुंटीला लावली.

"बोल," तो म्हणाला. "मी सांगितलं होतं, असं म्हण."

"मी कुठे काय सांगितलं? मी विचारलं होतं." तिने त्याच्या कपाळावरचं भिंग सोडवलं. "जेवायला काय करू?"

रात्रभर वाद चालला, स्वतःशीच. फोटोंत मिशा ओळखू येत नव्हत्या. मेळावा एकदा पार पडला की पिल्लं मेली म्हणून सांगता आलं असतं. मासे मरतात, कोणी शवविच्छेदन मागत नाही. निबंध चांगला उतरला होता, 'मानसशास्त्र' तर विशेषच. दुसऱ्या दिवशी कामावर त्याने एकाच कवळीला समोरचे पाच दात बसवले आणि ते काढून पुन्हा चार बसवताना त्याला वाटलं, वाचून टाकू. कोणाचं काय जातंय?

मेळाव्याच्या सकाळी तो कपडे करत होता तेवढ्यात सासरे काचेची छोटी बरणी घेऊन आले. आत पाणी, पाण्यात एक पिल्लू, झाकणाला भोकं पाडलेली. त्यांनी स्वतः सकाळपासून खटपट करून ते पकडलं होतं आणि बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. "लोकांना प्रत्यक्ष दाखवा," ते म्हणाले. "नुसत्या वाचण्याने काय कळतं?" त्यांच्या डोळ्यांत इतकं कौतुक होतं की बरणी परत करणं कवळीवाल्याला जमलं नाही. ती त्याने पिशवीत निबंधाखाली ठेवली.

मेळावा एका शाळेच्या सभागृहात होता. साठ-सत्तर माणसं. दारातच टपालखात्यातली ताई भेटली. मंडळातली सगळ्यात नवी आणि सगळ्यात उत्साही सभासद. घरी एकच टाकी, पण रोज पाणी मोजायची आणि रोज गटावर कळवायची.

"दादा, तुमचं वाचून आम्ही नवराबायको दोघंही गेलो!" ती म्हणाली. "त्याच पुलाखाली. तुम्ही वाटीभर आणली होती ना? आम्ही बादलीभर! एक मूळ सोडलं नाही. आणि आम्हीच एकटे नाही हं, कोच सरांचे चौघेजणही आले होते दुसऱ्या काठाला. अहो, माशांनी दोन दिवसांत फस्त केली! आता बघा तुम्ही, आमच्याकडेही पिल्लं होतात की नाही."

कवळीवाला हसत नाही तो इथे.

"छान," असं काहीतरी तो बोलला. खुर्चीत जाऊन बसला. कोचांनी प्रास्ताविक केलं, त्यात 'आपल्या मंडळाचा हिरा' असे शब्द आले. मत्स्यखात्यातल्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, पायात रबरी सोलचे बूट. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. तिसऱ्या रांगेत बायको होती. तिने काही खुणावलं नाही. आपल्या दोन्ही हातांकडे बघत ती नुसती बसली होती.

तो उभा राहिला. निबंध उघडला. शीर्षक वाचलं. पहिला परिच्छेद वाचला. दुसऱ्यात ताज्या अंड्यांची शिफारस होती: 'अभ्यासकांनी ओढ्यावर जाऊन मुबलक प्रमाणात...' या 'मुबलक'वर त्याची जीभ अडली. पाण्याचा ग्लास घेतला, प्यायला, पुन्हा 'मुबलक' म्हणाला, आणि मग कागद खाली ठेवला.

"मंडळी," तो म्हणाला, "हा निबंध खोटा आहे. म्हणजे लिहिला तेव्हा खरा वाटत होता. माझ्या ठिपक्यांनी अंडी घातली नाहीत. त्या तीन वर्षांपूर्वी जशा होत्या तशाच आहेत, फक्त जाड झाल्यात. मी ओढ्यातली अंडी त्यांना खायला टाकली. जी खाल्ली नाहीत ती फुटली. आणि बाहेर जे आलं त्याला आठ मिशा आहेत."

सभागृहात कोणीतरी फुसकन हसलं. मग दुसरं. कवळीवाल्याला त्या हसण्याने उलट धीर आला. तो सांगत सुटला. चांदकीची अंडी म्हणून सांगितलं तेही, 'अनुभव' म्हणालो तेही, बायकोला कोंबडीचं उदाहरण दिलं तेही. तोंडाला फुटलेले पंख आले तेव्हा मागच्या रांगांतले लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. "आणि मिशा पाहिल्या कोणी? एक्क्याऐंशी वर्षांच्या माझ्या सासऱ्यांनी, बिनचष्म्याने. मी दिवसभर भिंग लावून काम करतो."

कोच उभे राहून म्हणाले, "मी आपला सहज म्हणालो होतो, एक कल्पना म्हणून," आणि पुन्हा बसले.

हसत नव्हत्या त्या एकट्या मत्स्यखात्यातल्या बाई. त्या उठून पुढे आल्या. "पिल्लू आहे इथे?"

त्याने पिशवीतून बरणी काढली. बाईंनी ती खिडकीशी नेली, उजेडात धरली. त्याने भिंग पुढे केलं, ते त्यांनी घेतलं. हळूहळू सभागृह शांत होत गेलं.

"हे कुठल्या ओढ्यातलं?"

त्याने सांगितलं.

"पुलाखालचं? नक्की? मुळांवर होती अंडी?"

"हो. का?"

"सहा वर्षं आम्ही त्या ओढ्यात या मिशीवाल्या मासोळीचं पिल्लू शोधतोय," बाई म्हणाल्या. "पाण्याखालचे दगड उलटून उलटून माझी माणसं थकली. इथे ही संपली असं आम्ही अहवालात लिहून टाकलं होतं गेल्या वर्षी."

मागून कोणीतरी टाळी वाजवली. "म्हणजे मोठाच शोध लागला की!"

बाईंनी वळूनही पाहिलं नाही. "शोध कसला? न्याहारीला वाढली यांनी." मग कवळीवाल्याला म्हणाल्या, "किती आणली होतीत?"

"वाटीभर. सातआठशे असतील."

टपालखात्यातली ताई उभी राहिली होती. तिचा चेहरा उतरला होता. "मॅडम," ती म्हणाली, "बादलीत किती मावतात?"

बाईंनी बरणी अलगद टेबलावर ठेवली. कवळीवाला म्हणाला, "ताई, तुम्ही माझं वाचून गेलात. मी नुसतं लिहून मोकळा झालो. पत्त्यासकट." त्यात विनोद काहीच नव्हता आणि कोणी हसलंही नाही. ताई खाली बसली, आणि तिच्या नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी त्याला जागा दाखवायला ओढ्यावर नेलं. बायकोने गाडी चालवली. ताईही आली, न बोलावता. पुलाखालची मुळं धुतल्यासारखी स्वच्छ होती. एकेक मूळ उलटून पाहत ते चौघं वरच्या अंगाला गेले. तासाभराने, जिथे पाणी कमरेपर्यंत येतं आणि काठ चिखलाचा आहे, तिथे ताईला एका बुडालेल्या फांदीवर मूठभर मणी दिसले. काही पांढरे पडलेले, काही जिवंत. तिने बाकीच्यांना हात करून बोलावलं. "हात लावू नका," बाई म्हणाल्या. कोणी लावणारच नव्हतं.

सदतीसच्या सदतीस पिल्लं बाईंनी खात्याच्या तळ्यासाठी घेतली. परत ओढ्यात सोडता येत नाहीत, टाकीतले रोग जातात, हे कवळीवाल्याला नव्याने कळलं. मंडळात त्यावर तो स्वतः पूर्वी व्याख्यान देऊन चुकला होता. खात्याचा माणूस पिशव्यांत पाणी आणि हवा भरून पिल्लं मोजायला आला तेव्हा सासरे शेजारी उभे राहून मोठ्याने आकडा म्हणत होते. सदतीस झाल्यावर ते आतल्या खोलीत गेले आणि दुपारी जेवायला आले नाहीत. संध्याकाळी मुलगी त्यांच्याजवळ जाऊन बसली, तेव्हा म्हणाले, "ठिपक्या बघवत नाहीत आता. चेहऱ्याला काही नाहीच त्यांच्या."

मंडळाने हंगामात ओढ्यावर पाळी लावायचं ठरवलं. अंडी दिसली की जागा आणि तारीख लिहायची आणि काठावरूनच माघारी यायचं. पहिली पाळी अर्थात कवळीवाल्याची. मतं चौदाची बारा झाली. कोच आता "निसर्गातून काही आणू नका" या विषयावर बोलतात, आणि उदाहरण म्हणून कवळीवाल्याला समोर उभं करतात. तोही हौसेने उभा राहतो. ठिपक्यांनी आजपर्यंत अंडी घातलेली नाहीत.

वर्ष उलटल्यावर एका रविवारी सासऱ्यांनी हट्ट धरला आणि तिघं खात्याच्या तळ्यावर गेले. राखणदाराने त्यांना तिसऱ्या तळ्याच्या काठावर नेलं. पाणी मातकट, हात बुडवला तर बोटं दिसू नयेत असं. सदतीसपैकी एकोणतीस जगली होती आणि वीतभर झाली होती, असं राखणदार म्हणाला. म्हणाला म्हणून खरं. दिसत काहीच नव्हतं. त्याने मूठभर खाद्य फेकलं. पाण्यावर ते पसरलं, भिजलं, बुडालं. पाणी हललं नाही.

"तळाशी खातात ती," राखणदार म्हणाला. "वर येत नाहीत. लाजाळू जात."

बायको म्हणाली, "चला बाबा, ऊन वाढतंय."

"थांब गं," सासरे म्हणाले. ते काठावरच्या दगडावर बसले, काठी गुडघ्यांत धरली आणि गढूळ पाण्याकडे टक लावून बघत राहिले. कवळीवाल्याला वाटलं, काहीतरी माहितीचं बोलावं. पाण्याचा रंग, खाद्याचं प्रमाण, तळ्याची खोली, बोलण्यासारखं पुष्कळ होतं. त्याऐवजी तो सासऱ्यांच्या शेजारी चिखलात, चांगली पँट घालून, बसला.

बऱ्याच वेळाने सासऱ्यांनी काठीने एका जागी बोट दाखवल्यासारखं केलं. "तिथे. बुडबुडा आला."

"कुठे?"

"गेला आता. पुन्हा येईल."

तिघंही तिकडे बघत राहिले.